सकाळची गाडी, दुपारचा डबा : गावातून कॉलेजला जाणाऱ्यांसाठी व्यायाम आणि आहार

सकाळी साडेसहाला फाट्यावर एसटी येते आणि संध्याकाळी साडेपाचच्या गाडीने परतावे लागते, अशी ज्यांच्या शिक्षणाची चौकट आहे, विदर्भातील त्या विद्यार्थ्यांसाठी हे लिहीत आहे. त्यांपैकी कोणी दारव्ह्याला शिकत असेल, कोणी आर्वीला, कोणी मेहकरला, तर कोणी ब्रह्मपुरीला. घरी परतल्यावरही त्यांचा दिवस संपत नाही. गुरांचे पाणी असते, धाकट्या भावंडांचा अभ्यास असतो, दिवाळीच्या आसपास सोयाबीनची सोंगणी आणि पुढे कापसाची वेचणी असते. अशा विद्यार्थ्याला ‘व्यायामासाठी रोज एक तास राखून ठेवा’ असे सांगण्यात काही अर्थ नाही, कारण तो तास त्याच्या दिवसात मुळात नसतोच. कनिष्ठ महाविद्यालयात शारीरिक शिक्षण हा विषय शिकवताना मीही पहिली काही वर्षे हाच सल्ला देत होतो आणि मुले मान डोलावून निघून जात होती. पुढे ध्यानात आले की वेगळा वेळ शोधण्यापेक्षा दिवसात जे आधीच ठरलेले आहे, म्हणजे गाडीची वेळ आणि डब्याची वेळ, त्यालाच व्यायाम आणि आहार बांधून टाकावा. पुढील सर्व सूचना याच एका विचारातून आल्या आहेत.

सुरुवात वहीपासून करावी. सोमवार ते रविवार असा एक आठवडा रोज चार गोष्टी लिहून ठेवाव्यात : किती वाजता उठलो, पायी किती मिनिटे चाललो, पहिला घास किती वाजता पोटात गेला आणि दिवसभरात चहा किती वेळा झाला. या आठवड्यात सवयींमध्ये कोणताही बदल करू नये, केवळ नोंद ठेवावी. अशा वह्या अनेक वर्षे पाहताना मला दोन गोष्टी हमखास आढळल्या. मुले स्वतःला वाटते त्यापेक्षा बरीच जास्त चालत असतात आणि त्यांचा पहिला घास त्यांना वाटतो त्यापेक्षा बराच उशिरा पोटात जातो. म्हणजे व्यायामाचा पाया बहुतेकांकडे तयार असतो. मोठा खड्डा असतो तो खाण्याच्या वेळापत्रकात.

फाट्याची वाट

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि १८ वर्षांखालील मुलामुलींनी दररोज सरासरी ६० मिनिटे हालचाल करावी. आकडा मोठा वाटतो, परंतु गाव फाट्यापासून दोन किलोमीटर आत असेल, तर झपझप चालणाऱ्याला एका वेळेस वीस मिनिटे लागतात. येताजाता चाळीस मिनिटे होतात आणि कॉलेजच्या पाच दिवसांत दोनशे मिनिटे भरतात. याचा अर्थ, ज्या वाटेला आपण गैरसोय म्हणतो तीच वाट प्रौढ विद्यार्थ्याची आठवड्याची किमान गरज पूर्ण करते.

अट एवढीच की ते चालणे खरोखर झपझप असले पाहिजे. चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणायला गेल्यास दम लागावा, हे त्याचे साधे माप आहे. मोबाइलमध्ये मान घालून, पाय ओढत चालल्यास ही मिनिटे हिशेबात धरू नयेत. दप्तर एका खांद्याला लटकवण्याऐवजी दोन्ही पट्टे खांद्यावर घ्यावेत, कारण जड दप्तर एकाच बाजूला घेऊन रोज चार किलोमीटर चालणाऱ्याची कंबर आणि मान वर्षभरात तक्रार करू लागते. पायांत चप्पल असेल, तर निदान मागे पट्टा असलेली असावी. संध्याकाळी फाट्यावर गावातला कोणी दुचाकीवर भेटतो आणि ‘बस माग’ असा आग्रह करतो. अशा वेळी आठवड्यातून एखाद्या दिवशी बसायला हरकत नाही, पण रोजची सवय लावून घेऊ नये. काळोख पडला असेल किंवा मुलगी एकटी असेल, तर मात्र ओळखीच्या माणसाची दुचाकी किंवा घरचे कोणी घ्यायला येणे हेच योग्य. तेथे व्यायामाचा विचार करू नये.

मुलींना शिक्षणासाठी नेणाऱ्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाडीने थेट गावातून जाणाऱ्या मुलींना किंवा तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्यांना ही वाट मिळत नाही. त्यांनी बसस्थानकापासून महाविद्यालयापर्यंतचे अंतर ऑटोने न जाता पायी जावे आणि मधल्या सुट्टीत जेवण झाल्यावर मैदानाला दोन फेऱ्या माराव्यात. सायकल असेल, तर फारच उत्तम.

घरच्या अंगणातील पंधरा मिनिटे

चालण्याने दम वाढतो, परंतु खांदे, पाठ आणि पोट यांचे स्नायू त्याने फारसे घडत नाहीत. त्यासाठी आठवड्यातून किमान दोन दिवस, आणि अठरा वर्षांखालील असल्यास तीन दिवस, ताकदीचा व्यायाम हवा. याला जिम लागत नाही आणि तालुक्यातील जिमची फी भरण्याची तर मुळीच गरज नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून देशी व्यायामाचे शिक्षण देत आले आहे आणि त्याच्या चमूने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. त्या परंपरेतील जोर, बैठका आणि सूर्यनमस्कार यांना लागते ती केवळ एका सतरंजीएवढी जागा.

पहिल्या पंधरवड्यात पाच सूर्यनमस्कार, दहा बैठका आणि भिंतीला किंवा ओट्याला हात टेकवून आठ-दहा जोर, एवढेच करावे. ते सहज जमू लागले की सूर्यनमस्कार बारापर्यंत न्यावेत, जोर जमिनीवर घ्यावेत आणि बैठका दहा-दहाच्या तीन टप्प्यांत कराव्यात. सर्व मिळून बारा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. बैठक घेताना टाच उचलू नये आणि जोर मारताना कंबर खाली लोंबू देऊ नये. संख्या वाढवण्याच्या नादात मुले नेमक्या याच दोन चुका करतात.

वेळ कोणती ठेवावी, याविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. ‘पहाटेचा व्यायाम सर्वांत श्रेष्ठ’ असे सगळेच सांगतात. मात्र साडेसहाची गाडी पकडणाऱ्याने व्यायामासाठी साडेचारला उठायचे ठरवले, तर तो झोप कमी करतो आणि आठवडाभरात व्यायाम सोडून देतो. त्यापेक्षा संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुतल्यावर, चहाला बसण्याआधी हा व्यायाम उरकून घ्यावा. ‘आधी अंगण, मग चहा’ असा क्रम एकदा लागला की आठवण करून द्यावी लागत नाही. ज्या मुलींना संध्याकाळी रस्त्यावर धावणे सोयीचे वाटत नाही, त्यांनी दोघी-तिघींनी मिळून अंगणात दोरीवरच्या उड्या माराव्यात. एक मिनिट उड्या, एक मिनिट थांबणे, असे सात-आठ वेळा केले तरी चांगलाच घाम निघतो. पाळीच्या दिवसांत त्रास होत नसेल, तर व्यायाम थांबवण्याचे कारण नाही. पोट दुखत असेल, तर साधे चालणे पुरे.

शेतातील कामाचा हिशेब येथेच करून टाकावा. सुट्टीच्या दिवशी दिवसभर निंदण, वेचणी किंवा फवारणीच्या पाण्याचे डबे वाहून नेणे झाले असेल, तर त्या दिवशी वेगळा व्यायाम करण्याची आवश्यकता नाही. मात्र ही कामे बहुतेक वाकून केली जातात. म्हणून रात्री झोपण्यापूर्वी पालथे पडून भुजंगासन आणि उताणे पडून सेतुबंधासन, प्रत्येकी पाच वेळा, करावे, म्हणजे दिवसभर पुढे वाकलेली पाठ उलट दिशेने ताणली जाते.

ऊन, पाऊस आणि जंगल

विदर्भातील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि मे महिन्याच्या अखेरीस नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो तेव्हा सकाळी नऊनंतर अंगाची लाही होते. मार्चच्या अखेरीपासून पावसाळा लागेपर्यंत श्रमाचा व्यायाम सूर्योदयाच्या सुमारास किंवा सूर्यास्तानंतरच करावा. पहिले आठ-दहा दिवस प्रमाण निम्म्यावर आणावे, कारण शरीराला उन्हाची सवय व्हायला तेवढा काळ लागतोच. डोके दुखणे, मळमळणे, घाम एकाएकी थांबणे किंवा बोलण्यात विसंगती येणे ही उष्माघाताची लक्षणे असू शकतात; अशा वेळी सावलीत नेऊन अंगावर पाणी शिंपडत, वारा घालत तातडीने दवाखाना गाठावा. नुसता थकवा आणि तहान असेल, तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ मिसळून ते घोट घोट प्यावे. ताक आणि कैरीचे पन्हे रोजच्यासाठी चांगलेच आहे.

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बुटाला पायलीभर चिकटतो आणि धावणे अशक्य होते. हे तीन महिने दोरीच्या उड्या आणि सूर्यनमस्कार यांवर काढावेत. अंधारात पायवाटेने जाताना साप असण्याची शक्यता गृहीत धरून हातात टॉर्च असावा.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील मुलांसाठी आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या तालुक्यांतील अनेक गावांच्या शिवारात वाघाचा वावर असतो. पोलीस भरतीच्या तयारीसाठी पहाटे चार वाजता जंगलालगतच्या रस्त्यावर एकट्याने धावणे हा तेथे शौर्याचा विषय नाही. उजाडल्यावरच, गटाने आणि गावाच्या बाजूच्या रस्त्यावर धावावे; वनविभागाने एखादा रस्ता टाळण्याची सूचना दिली असेल, तर ती पाळावी.

पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आणि वाहक मोठ्या संख्येने आहेत. आपली तपासणी झालेली नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात ती करून घ्यावी. तपासणीत एसएस पॅटर्न, म्हणजे प्रत्यक्ष आजार, असणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय दमछाक करणारा व्यायाम करू नये, तहान मारू नये आणि थंडीत अंग उघडे ठेवू नये. एएस पॅटर्नचा वाहक सामान्यतः सर्व काही करू शकतो, परंतु त्यानेही उन्हात पाणी पीत राहावे आणि श्रम हळूहळू वाढवावेत.

न्याहारी : जिथे दिवस बिघडतो

आता खाण्याकडे वळू. सकाळी चहात एक-दोन बिस्किटे बुडवून खाल्ली, साडेसहाची गाडी धरली, दहाच्या सुमारास स्थानकासमोर समोसा किंवा आलूबोंडा खाल्ला आणि डबा दोन वाजता उघडला, असा दिवस मी शेकडो वह्यांत वाचला आहे. मी स्वतः अकरावीत असताना रिकाम्या पोटी प्रार्थनेला उभा राहून चक्कर येऊन पडलो होतो आणि कित्येक दिवस मुले मला त्यावरून चिडवत होती. आईने डबा भरून दिला होता. तो दप्तरातच होता.

न्याहारीसाठी आईने पहाटे वेगळा स्वयंपाक करावा, अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही. तिचा दिवस आपल्यापेक्षा आधी सुरू झालेला असतो. म्हणून न्याहारीची तयारी आदल्या रात्री आणि स्वतः करावी. मूठभर हरभरे किंवा मूग रात्री भिजत घालावेत. सकाळी त्यांत कांदा, सांबार (कोथिंबीर) आणि लिंबू टाकले की पाच मिनिटांत खाणे तयार होते. रात्रीची भाकर उरली असेल, तर ती दह्यात किंवा दुधात कुस्करून खावी. घरी कोंबड्या असतील, तर दोन अंडी उकडावीत. यांपैकी काहीच शक्य नसेल, तर मूठभर फल्लीदाणे (शेंगदाणे) आणि गुळाचा खडा खिशात टाकून गाडीत खावा. उठल्याबरोबर भूक लागत नाही, अशी अनेकांची तक्रार असते. त्यांनी गाडीत बसल्यावर खावे, पण आठच्या आत खावे.

येथे एक बोलून ठेवतो. अनेक घरांत गाय किंवा म्हैस असते, पण सगळे दूध डेअरीला जाते आणि घरातील वाढत्या मुलांना चहापुरतेच मिळते. घरच्या खर्चाची अडचण मला समजते, तरीही शिकणाऱ्या प्रत्येक मुलामागे एक पेला दूध किंवा वाटीभर दही घरी ठेवण्याविषयी आईवडिलांशी शांतपणे बोलून पाहावे.

डबा

डब्यातील नेहमीची जोडी म्हणजे पोळी आणि आलूची भाजी. पोट भरते, पण दोन्हींतून मुख्यतः पिष्टमय पदार्थच मिळतात आणि प्रथिने कमी पडतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. पन्नास किलो वजनाच्या मुलीसाठी ती ४२ ग्रॅमच्या आसपास होतात. हा आकडा महाग वाटण्याचे कारण नाही. दिवसभरात दीडशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी खाल्ल्यास साधारण १५ ग्रॅम, दोन वेळच्या वरणातील पन्नास ग्रॅम तुरीच्या डाळीतून ११ ग्रॅम, मूठभर म्हणजे तीस ग्रॅम फुटाण्यांतून सहा ग्रॅम, तेवढ्याच फल्लीदाण्यांतून सात ग्रॅम आणि एक पेला दुधातून सहा ग्रॅम मिळतात. बेरीज ४५ होते आणि यातील एकही वस्तू गावाबाहेरून आणावी लागत नाही.

म्हणून डब्यासाठी माझा एकच नियम आहे : रोजच्या डब्यात एक तरी पदार्थ डाळीचा किंवा शेंगेचा असलाच पाहिजे. आलूची भाजी असेल, तर तीत मूठभर भिजवलेले हरभरे घालावेत. पोळीसोबत घट्ट वरण किंवा सुके चून (झुणका) द्यावे. हिवाळ्यात ओल्या तुरीचे सोले, हरभऱ्याचे घाटे आणि बरबटी (चवळीच्या शेंगा) यांची रेलचेल असते. सोलेभात तर डब्यात थंडसुद्धा चांगला लागतो. पावसाळ्यात मुगाची उसळ, काटवल (कर्टोली) आणि तरोट्याची (टाकळ्याची) भाजी मिळते. उन्हाळ्यात ओली भाजी दुपारपर्यंत आंबते, तेव्हा चून, जवसाची किंवा फल्लीदाण्याची चटणी, मेथीचे थालीपीठ असे कोरडे पदार्थ न्यावेत आणि सोबत कांदा ठेवावा. भंडारा-गोंदियाकडे मामा (माजी मालगुजारी) तलावांतील लहान मासे मिळत असतील, तर काट्यांसह खाता येणारे सुकवलेले मासे हा प्रथिने आणि कॅल्शियम यांचा स्वस्त साठा आहे.

भाकरीविषयी थोडे सविस्तर लिहितो. सोयाबीनचा पेरा वाढत गेला तशी विदर्भातील ज्वारी मागे पडली आणि रेशनच्या गव्हाची पोळी डब्यात आली. त्याबरोबर कॉलेजात भाकर नेण्याची एक विचित्र लाजही आली. ज्वारीत तंतुमय पदार्थ भरपूर असतात, तिने भूक लवकर लागत नाही आणि घरची ज्वारी असेल, तर तिला पैसेही पडत नाहीत. भाकर दुपारी कडक होते ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे पीठ उकळत्या पाण्यात मळणे, भाकर पातळ थापणे आणि वाफ निघून गेल्यावर ती सुती फडक्यात गुंडाळून ठेवणे. तरीही लाज वाटत असेल, तर ज्वारीच्या पिठाची कांदा-सांबार घातलेली धिरडी न्यावीत. धिरडे पाहून कोणी हसत नाही, उलट अर्धे मागून घेतात.

दुसरी विसंगती सोयाबीनची आहे. ज्या घरात चाळीस पोती सोयाबीन पिकते, त्या घरातील मुलगा प्रथिनांची पावडर उधारीवर विकत घेतो, हे मी पाहिले आहे. सोयाबीन कच्चे खाऊ नये, कारण त्यातील काही घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात. ते उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे शिजवून, कडक उन्हात वाळवून, नऊ किलो गव्हात एक किलो या प्रमाणात दळून आणावे. पोळीची चव बदलत नाही. बाजारातील सोयाबीन वडीही चांगली. डबाबंद प्रथिनांची पावडर घ्यायचीच असेल, तर निदान त्यावर एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक आहे का, ते पाहावे. जिमच्या काउंटरवर मिळणारी बिनलेबलची पुडी कधीही घेऊ नये.

दहाच्या समोशाची जागा फुटाणे आणि मुरमुऱ्यांनी घ्यावी. दोन-तीन दिवसांच्या समोशांच्या पैशांत पाव किलो फुटाणे येतात आणि ते आठवडाभर पुरतात. मित्रांसोबत आठवड्यातून एकदा तर्री-पोहे खाण्यावर माझा मुळीच आक्षेप नाही. फळांसाठी हंगाम पाहावा : हिवाळ्यात संत्री, बोरे, पेरू आणि आवळे, उन्हाळ्यात टेंभरे (तेंदूची फळे) आणि आंबे, पावसाळ्याच्या तोंडावर जांभळे. वरुड-मोर्शी आणि काटोलच्या पट्ट्यात तर बाजारात न जाणारी बारीक संत्री बागेतच मिळतात.

रक्तातील लोह

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ मधील पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. जिना चढताना धाप लागणे, वर्गात डोळे मिटणे, वाचलेले लक्षात न राहणे यांमागे अनेकदा आळस नसतो, हिमोग्लोबिन कमी असते. अंबाडी, तांदुळजा आणि मुनग्याचा (शेवग्याचा) पाला या भाज्या, बाजरी, फुटाणे आणि मांसाहार करणाऱ्यांसाठी मटण-कलेजी यांतून लोह मिळते. वनस्पतींतील लोह शरीरात शोषले जाण्यासाठी त्यासोबत आंबट हवे, म्हणून भाजीवर लिंबू पिळावे किंवा जेवणात आवळा घ्यावा. चहा उलट काम करतो. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा घेऊ नये. शाळा-महाविद्यालयात आठवड्याला मिळणारी निळी लोहगोळी बाकाखाली टाकून न देता जेवणानंतर घ्यावी. शौचाचा रंग काळसर होतो, त्याला घाबरू नये. सिकलसेल असणाऱ्यांनी मात्र ही गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण महाविद्यालयातील किंवा स्थानकावरील स्वच्छतागृह वापरण्यासारखे नसते. ही अडचण मुलींची नसून व्यवस्थेची आहे आणि प्राचार्यांकडे लेखी तक्रार करणे हाच तिचा खरा उपाय आहे. तोपर्यंत घरून निघण्याच्या तासभर आधी दोन पेले पाणी प्यावे, दुपारी जेवणासोबत एक, आणि घरी येताच पुन्हा दोन. लघवी गडद पिवळी होत असेल किंवा जळजळ होत असेल, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे आणि जळजळ थांबत नसल्यास दवाखान्यात जावे.

रूम करून राहणारे

तालुक्याला रूम करून राहणाऱ्यांची अडचण वेगळी आहे : तेथे डबा भरून देणारे कोणी नसते आणि दोघा-तिघांत एकच शेगडी असते. त्यांनी एक कुकर आणि एक तवा यांवर भागेल असे खाणे ठरवावे. दोन वाट्या तांदळाला एक वाटी तूर किंवा मुगाची डाळ, हातात येईल ती भाजी, हळद, मीठ आणि वरून फल्लीदाणे, ही खिचडी वीस मिनिटांत होते आणि पूर्ण जेवण ठरते. शनिवारी गावी जाताना रिकामे डबे न्यावेत आणि रविवारी डाळ, ज्वारीचे पीठ, जवसाची चटणी व भाजलेले फल्लीदाणे घेऊन यावे. भत्त्याचे पैसे येण्याची तारीख मागेपुढे होते, त्या दिवसांत हाच साठा कामी येतो. खानावळ लावली असेल, तर पातळ वरणाविषयी भांडण्यापेक्षा दही आणि अंडे स्वतःचे ठेवावे.

अभ्यासिका, चहा आणि खर्रा

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे बारा-बारा तास अभ्यासिकेत बसून असतात. सलग पाऊण तास बसल्यावर उठावे, पाण्याची बाटली भरून आणावी, दहा बैठका माराव्यात आणि परत बसावे. बाटली लहान ठेवली की उठणे आपोआप होते. चहा दिवसाला दोनच्या वर नेऊ नये आणि रात्री तो घेऊच नये.

खर्ऱ्याचे, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटून केलेल्या मिश्रणाचे, नाव न घेता विदर्भातील विद्यार्थ्यांच्या आरोग्यावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. झोप घालवण्यासाठी म्हणून सुरू झालेला खर्रा भूक मारतो, पैसे खातो आणि सुपारी-तंबाखूमुळे तोंड उघडण्याचे प्रमाण हळूहळू कमी होत जाते. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, हे आरशासमोर पाहावे. जात नसतील, तर त्याच आठवड्यात दंतवैद्याला दाखवावे. सोडताना तोंडात ठेवण्यासाठी बडीशेप, भाजलेले जवस किंवा आवळ्याची वाळवलेली फोड खिशात ठेवलेली बरी, कारण टपरीसमोरून जाताना हाताला काहीतरी लागते. टपरीचा रस्ता बदलता आला, तर आणखी बरे.

भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी

पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, शिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. यासाठी बहुतेक जण रोज डांबरी रस्त्यावर पूर्ण ताकदीने धावतात आणि दोन महिन्यांत नडगीचे दुखणे घेऊन बसतात. आठवड्यातून तीन दिवस जोराने धावावे, दोन दिवस सावकाश लांब अंतर धावावे आणि निदान एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. धावण्यासाठी शाळेचे मैदान किंवा मातीचा पांदण रस्ता निवडावा. आठवड्याचे एकूण अंतर मागील आठवड्याच्या दहाव्या भागाहून अधिक वाढवू नये. नडगीच्या एका ठिकाणी बोटाने दाबल्यावर तीव्र दुखत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. धावून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात भिजवलेले हरभरे, केळे किंवा दूध-भाकर पोटात जावी. येथेही मुले चहा पिऊन थेट पुस्तक उघडतात आणि मग अकराला पेंगतात.

परीक्षेचे आठवडे

बारावीची लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. नेमका तेव्हाच गहू-हरभरा सोंगणीला आलेला असतो आणि उन्हाला सुरुवात झालेली असते. या दिवसांत सगळे नियम पाळण्याचा हट्ट धरू नये. फाट्यापर्यंतचे चालणे आणि पोटभर न्याहारी, या दोनच गोष्टी ठेवाव्यात. जोर-बैठका आणि धावणे शेवटच्या पेपरपर्यंत बाजूला ठेवले, तरी काही बिघडत नाही. उपास असेल, तर साबुदाण्याऐवजी भगर, दही आणि फल्लीदाणे खावेत. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला आठ तासांची झोप लागते. म्हणून सकाळची गाडी साडेसहाची आणि उठण्याची वेळ साडेपाचची असेल, तर रात्री साडेनऊला पुस्तक मिटावे, हरभरे भिजत घालावेत, पाण्याची बाटली आणि हॉलतिकीट दप्तरात ठेवावे आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावून झोपावे.